डाव्या हातासाठी कॉम्प्युटर

माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला तोवर आमच्या घरात कॉम्प्युटर नव्हता. कधी गरजच पडली नव्हती. मी नागपुरात, रामदासपेठेतल्या एका कर सल्लागारांकडे व्यापाऱ्यांची जीएसटीची रिटर्न भरत असे, ती तिथल्याच मशीनवर. हे कळमन्याच्या फळबाजारातून बाहेरगावी संत्र्यांच्या गाड्या पाठवण्याचं काम बघत. त्यांचा सगळा कारभार फोनवर.

दवाखान्यातून हुडकेश्वरच्या घरी आणलं तेव्हा त्यांची डावी बाजू लुळी होती. पाय हळूहळू वळणावर आला, काठी धरून ते अंगणापर्यंत जाऊ लागले. हात मात्र येईना. फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. मी समोर असले की ते तो दाबत, आणि मी स्वयंपाकघरात वळले की चेंडू उशीखाली जाई. बोलणंही कमी झालं होतं. जीभ जरा जड झाली होती हे खरं, पण मला वाटे, त्यांना बोलायचंच नाही.

एक दिवस त्या बाईंनी विचारलं, यांना आवडतं काय? मी म्हटलं, गाडी भरेपर्यंत बसून राहावं लागे तेव्हा फोनवर गाड्यांचे गेम खेळायचे. त्या म्हणाल्या, मग कॉम्प्युटरवर खेळू द्या. तिथे दिशा डाव्या हाताने द्यावी लागते, कीबोर्डच्या चार बटणांवर तीन बोटं. ज्याला खेळायचं असतं त्याला व्यायामाचा कंटाळा येत नाही.

त्याच सुमारास ऑफिसातून सरांचा फोन आला. घरून काम करायला त्यांची ना नव्हती, पण मशीन माझं हवं, आणि रिटर्न भरायची गर्दी सुरू व्हायच्या आत हवं. नाहीतर ते दुसरं कोणी बघणार होते. घरात तेवढाच पगार उरला होता. म्हणजे एकच मशीन घ्यायचं, त्यावर दोन कामं व्हायला हवीत, आणि औषधांतून जे उरतं त्यात बसायला हवं. मी भाजी निवडता निवडता फोनवर व्हिडिओ बघायला लागले. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड. एक माणूस म्हणे हे घ्या, दुसरा म्हणे ते घेतलं तर फसाल. मी दोघांचंही म्हणणं वहीत उतरवून घ्यायची.

तेवढ्यात माझे दीर एक मशीन घेऊन दारातच आले. कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं, ओळखीतून स्वस्तात मिळालेलं. दवाखान्यात रात्ररात्र तेच बसले होते, त्यामुळे मी नाही कशी म्हणणार? त्यांनी ते टेबलावर मांडून, जोडून दिलं. माझं काम त्यावर ठीक चाललं. मग मी ट्रक चालवायचा एक साधा गेम लावला आणि ह्यांना खुर्चीवर बसवलं.

उजव्या हाताने डावा हात उचलून त्यांनी बटणांवर ठेवला. ट्रक सरळ निघाला. वळण आलं. त्यांनी बोट दाबलं, मी पाहिलं, बोट खरंच खाली गेलं होतं. पण ट्रक वळलाच नाही. चित्र अडकलं, मग एकदम पुढे सरकलं, आणि ट्रक कठड्यावर. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. त्यांनी हात उचलून मांडीवर घेतला.

"बोटच मेलं माहं," ते म्हणाले.

ते आत जाऊन पडल्यावर मी त्या खुर्चीवर बसले. माझ्या धडधाकट बोटाने तेच बटण दाबलं. ट्रक तसाच उशिरा वळला, तसाच आदळला. दोष मशीनचा होता, पण ह्या माणसाने तो स्वतःच्या हातावर घेतला होता. आत जाऊन मी सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी त्यांचं मन राखायला बोलतेय असं त्यांना वाटलं.

दिरांना फोन केला. शक्य तितक्या मऊ शब्दांत म्हटलं की काम होतं, पण गेम चालत नाही, मशीन परत घ्यावं लागेल.

"वहिनी, माणूस धड उभा नाही राहून राहिला, अन् तुम्हाले गेम पाहिजे?"

त्यांचा आवाज फोनबाहेर येत होता. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. मी काहीतरी बोलून फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले. चूक त्यांचीही नव्हती. बाहेरून बघणाऱ्याला हे असंच दिसणार.

सकाळी उठले तर हे पलंगावर बसलेले. शर्ट स्वतः घातलेला, बटणं एक घर चुकलेली.

"चाल," म्हणाले, "दुकानात जाऊ."

ऊन तापायच्या आत ऑटोने निघालो. दुकानाला पायऱ्या होत्या. त्या चढताना मी हात पुढे केला नाही, केला असता तर ते परत फिरले असते. आतल्या विक्रेत्याने आधी काचेचा, रंगीत दिवे लागणारा डबा दाखवला. मी वहीत बघून म्हटलं, दिवे नकोत. ग्राफिक आतच असलेला चांगला प्रोसेसर द्या, वेगळं कार्ड परवडत नाही, पण पुढेमागे बसवायला जागा हवी. रॅम सोळा जीबी, दोन पट्ट्यांत. एसएसडी. आणि वीज पुरवणारा भाग ओळखीच्या कंपनीचा, वाचवायचं तर दुसरीकडे वाचवा. तो म्हणाला, मॅडम, ऑफिसच्या कामाला एवढं कशाला? मी म्हटलं, गेमही खेळायचा आहे. त्याने मुलाचं वय विचारलं.

"मीच खेळतो," हे म्हणाले.

विक्रेता काठीकडे, मग हाताकडे बघायला लागला. दुकानात आणखी दोनचार गिऱ्हाइकं होती, तीही वळली. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण त्या विक्रेत्याने एक मशीन सुरू केलं आणि खुर्ची ओढून दिली. साधारण मी सांगितलं तसंच होतं ते, काळा डबा, शोभा काहीच नाही.

मी त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांनी डावा हात उचलून बटणांवर ठेवला. इथेही ट्रक आदळला असता तर त्यांनी तो हात पुन्हा कशालाही लावला नसता, हे मला पक्कं माहीत होतं.

"तू बाहेर जाय," ते न वळता म्हणाले. "तुहा श्वास ऐकू येऊन राहिला मले."

मी काचेच्या दाराबाहेर जाऊन उभी राहिले. पडदा दिसत नव्हता, त्यांची पाठ दिसत होती. डावा खांदा वर जात होता, सबंध खांद्याने ते एक बोट ढकलत होते. मग खांदा खाली आला. पुन्हा वर गेला. कधीतरी मान डावीकडे कलली, वळणावर बसमधल्या माणसाची कलते तशी, आणि तिकडेच टिकून राहिली. मी दार ढकलून आत गेले. ट्रक रस्त्यावर होता. वाकडा, अर्धा कडेला उतरलेला, पण रस्त्यावर.

"दाबलं का फिरते हा," ते म्हणाले. कपाळावर घाम होता. "हाच घे."

दिरांनी आपलं मशीन नेलं तेव्हा चहा घेतला नाही. पुढे बरेच दिवस ते आले नाहीत, आणि ते मला लागलं. माझी नोकरी टिकली. हात पूर्वीसारखा झालाय असं म्हणणार नाही. करंगळी अजून वळत नाही, पण आता वाटी धरता येते.

रिटर्न भरायची गर्दी सुरू झाली तेव्हाची एक दुपार मात्र लक्षात आहे. सरकारी पोर्टल सकाळपासून अडून बसलं होतं, व्यापाऱ्यांचे फोनवर फोन, माझा जीव टांगणीला. हे मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, ऊठ, मले गेममधली गाडी नागपूरले पोचवायची आहे. मी म्हटलं, आज जमणार नाही. ते म्हणाले, रोजचंच झालं तुहं. मी चिडले, तेही चिडले. जड जिभेने, शब्द तोडत तोडत, चांगलं पाच-दहा मिनिटं ते माझ्याशी भांडले. झटका आल्यापासून एवढं सलग ते पहिल्यांदाच बोलत होते. मी उत्तरं देत राहिले, मुद्दाम, ते थांबू नयेत म्हणून.