चार नंबरची खाट

पेणच्या बाजारात गोदूबाई शिरली की कोळणी एकमेकींना डोळ्यांनी खुणावत. ही बाई माशाचे कल्ले उचकटून बघायची, वास घ्यायची, पोट दाबायची आणि एवढं करून विकणारीच्याच तोंडाकडे बघत म्हणायची, "ताजा हाय तं मंग हसतेस कशाला गो?" रोह्याच्या एस्टीत चढताना ती आधी कंडक्टरला विचारायची, गाडी रोह्यालाच जाते ना? मग ड्रायव्हरला, मग शेजारच्या बाईला. तिघांनी एकच उत्तर दिलं की तिला वाटायचं, यांनी आधी ठरवून ठेवलंय. हमरापूरला गणपती आणायला गेली तर मूर्ती पाठीमागून बोटाच्या पेरानं टकटक वाजवून बघायची. तिथला रंगारी एकदा वैतागून म्हणाला, "गोदूबाय, देव हाय तो, माठ नाय."

मुलाच्या, जगनच्या, लग्नात तर तिनं कहरच केला. पसंतीच्या वेळी मालूच्या हनुवटीवर डाव्या बाजूला एक तीळ तिनं हेरून ठेवला होता. दाखवली एक आणि उभी केली दुसरी, असं झालं तर? ऐन मंगलाष्टकांत ही बाई गर्दीतून वाट काढत अंतरपाटापलीकडे गेली, नवरीच्या मुंडावळ्या बाजूला सारल्या, तीळ बघितला आणि मगच भटजींना म्हणाली, "चालू द्या." व्याह्यांचं तोंड त्यानंतर वर्षभर वाकडं होतं.

लोक हसायचे. पण त्या संशयाला एक मूळ होतं. तिचा नवरा हिरामण मिठागरावर राबणारा उभा आडवा गडी. पोटात दुखतं म्हणून मुंबईच्या एका इस्पितळात तो स्वतःच्या पायांनी चालत गेला आणि चादरीखाली झाकून बाहेर आला. मधल्या दिवसांत काय झालं ते तिला कुणी धड सांगितलं नाही. रोज सकाळी कुणीतरी येऊन त्याचं रक्त काढून न्यायचं, एवढंच तिनं पाहिलं होतं. तेवढ्यावरून तिनं हिशेब मांडला, की रगत काढून काढून मारला माझ्या माणसाला, आणि ते विकलं. तिला बसवून, समजावून कुणी सांगितलं असतं तर कदाचित हा हिशेब मोडला असता. तेवढी सवड कुणाला होती?

म्हणून एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला मालू घरीच बाळंत झाली, तो गोदूबाईचा हट्ट. मुलगी झाली, छान रडली. पण मालूचं रक्त थांबेना. सुईणीनं हात टेकले. सकाळी टेम्पोत घालून तिला पेणच्या एका खासगी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी धावपळ करून रक्तस्राव थांबवला, पण पोर कागदासारखी पांढरी पडली होती. रक्त चढवावं लागणार होतं. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर बायकांच्या वॉर्डात नेऊन चार नंबरच्या खाटेवर तिला उतरवलं आणि तिचा कागद खाटेच्या पायथ्याशी अडकवला.

तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन गोदूबाईनं वॉर्डभर नजर फिरवली. झाडू मारणारी बाई दुसरीला सांगत होती, "चार नंबरची आजी पहाटंला गेली ना. आताच चादर बदलली."

गोदूबाईनं ते ऐकलं. ओली बाळंतीण, आणि मेलेल्या बाईच्या खाटेवर! चादर बदलली म्हणून काय झालं? शेजारी पाच नंबरवर कासूकडची रंभा होती, तापानं आलेली, वयानं मालूएवढीच, सोबत कुणी नाही. गोदूबाई तिच्याकडे गेली आणि आवाजात साखर घोळून म्हणाली, "गो बाय, तू त्या खाटंवर झोप. तिथं पंख्याचा वारा लागंल. तुला ताप हाय ना?"

"व्हय," रंभा म्हणाली आणि उठली.

रंभा कशालाही व्हय म्हणायची. गोळी घेतलीस? व्हय. जेवलीस? व्हय. आपल्याकडे शिकल्यासवरल्या माणसापुढे नाही म्हणायची पद्धतच नाही. वॉर्डबॉयला पटवून गोदूबाईनं मालूला पाचवर सरकवलं. कागद मात्र चारच्या पायथ्याशीच लटकत राहिला. सकाळची नर्स आली, तिनं शीर सापडेना म्हणून दोन्ही हातांना टोचून एकदाचं सलाईन लावलं आणि दुसऱ्या पेशंटकडे पळाली. सलाईनला गोदूबाईची हरकत नव्हती. पाणी आत जात होतं, बाहेर काही येत नव्हतं.

मग रक्ताचा नमुना न्यायला गुणाजी आला. पोरगा कामाचा, पण घाईतला. चारच्या पायथ्याचा कागद वाचून त्यानं विचारलं, "मालू ना गो तू?"

"व्हय," रंभा म्हणाली.

गोदूबाई तेव्हा दाराशी मोरीवर पोरीचं दुपटं पिळत होती. शब्द तिला ऐकू आले नाहीत. पण लांबून तिनं पाहिलं, की सुई रंभाच्या दंडात गेली, नळी लाल झाली आणि पोरगा बाटली खिशात घालून निघाला. आपली सून वाचली या आनंदात तिला रंभाची दयासुद्धा आली नाही.

गट बघायची, रक्त जुळवायची सोय तेव्हा त्या दवाखान्यात नव्हती. रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट सोडून आलेला जगन तो नमुना घेऊन अलिबागच्या रक्तपेढीत गेला आणि बदल्यात स्वतःचं रक्त देऊन, बर्फाच्या डब्यात लाल पिशवी घेऊन दुपारी परतला. त्याच्या दंडावरची पट्टी बघून गोदूबाई ओरडली, "तुजंपन काढलं?"

"आई, गप बस," जगन म्हणाला.

दुपारची नर्स होती विमल सिस्टर. रोह्याची बाई, आणि संशयाच्या बाबतीत गोदूबाईच्याच जातकुळीतली. फरक इतकाच, की गोदूबाईचा माणसांवर संशय आणि हिचा कागदांवर. पिशवीवरचं नाव, गट, नंबर, तारीख तिनं एकदा स्वतः वाचली आणि एकदा दुसऱ्या नर्सला मोठ्यानं वाचायला लावली. पिशवी उजेडाला धरून बघितली. मग ती चार नंबरशी आली. मालूच का, असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, "नाव काय गो तुझं?"

"रंभा."

सिस्टर थांबली. पलीकडे पाचवर बघितलं. "आणि तुझं?"

"मालू जगन," क्षीण आवाज आला.

नाव जुळत होतं. पण खाट जुळत नव्हती, आणि सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. "मावशी, हिची खाट बदलली का कुणी?"

आता खरं सांगायचं तर रंभासमोर सांगायला लागणार. परक्याची लेक तापानं फणफणलेली, सोबतीला कुणी नाही, तिला आपण मुद्दाम मेलेलीच्या जागी निजवली, हे कुठल्या तोंडानं बोलणार? गोदूबाई म्हणाली, "नाय. आल्यापासून हितंच हाय."

"मग कागदच चुकीच्या जागी लागला," सिस्टर स्वतःशी पुटपुटली. तिनं मालूची नाडी बघितली, ताप बघितला. नाडी पळत होती. पिशवी स्टँडला अडकवता अडकवता तिनं सहज विचारलं, "सकाळी रक्त काढलं तेव्हाही इथंच होती ना?"

गोदूबाईला राहवलं नाही. दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसल्याचं सार्थक आता झालं होतं. ती ठसक्यात म्हणाली, "हिचं रगत कुणी काढलंच नाय! मी बसलेय ना हितं."

सिस्टरचा हात जिथल्या तिथे राहिला.

"काढलं नाही? मग ही पिशवी कुणाच्या रक्ताशी जुळवलीय?"

गुणाजीला बोलावलं. तो शपथेवर म्हणाला, चार नंबर, मालूच, विचारून काढलं, व्हय म्हणाली. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मालूच्या दोन्ही हातांना सुयांच्या खुणा होत्या. रंभाच्याही, कारण तापासाठी तिचं रक्त आदल्या दिवशीही काढलेलं. सिस्टरनं रंभाला विचारलं, "आज तुझं रक्त काढलं का गो?"

"व्हय."

सिस्टरनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "आणि तू माझी मावशी ना?"

"व्हय," रंभा म्हणाली.

जगन आईवर चवताळला. "आई, डुलकी लागली असंल तुला! तिची दशा बघ. लावू दे त्यांना. तू जल्मात कुणावर इश्वास ठेवशील का नाय?"

सिस्टर मात्र खाली बसली, गोदूबाईच्या मांडीवरच्या पोरीच्या उंचीवर, आणि हळू बोलली. "मावशी, माणसागणिक रक्ताची जात वेगळी. चुकीचं रक्त अंगात गेलं की विष होतं. हुडहुडी भरते, कंबर धरते, माणूस हातचं जातं. आता ऐका. खाट बदलली नसेल, तर तुमच्या नजरेतून सुटलं असेल, आणि हे रक्त लगेच लावायला हवं, कारण ही खाली चाललीय. बदलली असेल, तर यातला एक थेंबसुद्धा मी लावणार नाही. सकाळचा वॉर्डबॉय घरी गेलाय, हिला सकाळचं भान नाही. हे सांगणारं या वॉर्डात तुमच्याशिवाय कुणी नाही."

गोदूबाईला पहिल्यांदा वाटलं, ही बाई आपल्याला फसवतेय, कबूल करवून घेऊन घालवून देईल. मग तिनं मालूकडे पाहिलं. हनुवटीवरचा तीळ पांढऱ्या चेहऱ्यावर कधी नव्हे इतका काळा दिसत होता. याच तिळासाठी आपण भर मांडवात शोभा करून घेतली, आणि आज हीच ती आहे एवढं सांगायला आपली जीभ रेटत नाही. तिची तिलाच शरम वाटली.

"मी बदलली खाट," ती म्हणाली. मग पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मीच बदलली. तिथं म्हातारी मेली व्हती पहाटंला. म्हनून या पोरीला तिथं निजवली, पंख्याची थाप मारून. रगत हिचं काढलं. मी लांबून बघितलं."

सिस्टरनं पिशवी स्टँडवरून उतरवली. रागवायला तिला नंतर वेळ होता. गुणाजीला तिनं समोर उभं केलं. मालूकडून नाव वदवून नमुना घ्यायला लावला आणि बाटलीवरचं नाव तिथेच, खाटेशीच, लिहायला लावलं. आणखी सलाईन लावलं, खाटेचा पायथा उंच केला. जगन पुन्हा अलिबागला सुटला. जाताना त्यानं आईकडे पाहिलंही नाही.

ती दुपार सरता सरेना. मालूचे ओठ सुकत होते, सिस्टर सारखी येऊन नाडी बघत होती, आणि गोदूबाई पोरीला छातीशी धरून हिरामणलाच साकडं घालत होती. रंभाकडे बघायची तिची हिंमत नव्हती.

दिवेलागणीला जगन आला. गोदूबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण पहिल्या पिशवीवर दोन पोटांचं इंग्रजी अक्षर होतं आणि या पिशवीवर भोपळ्यासारखं गोल, एवढा फरक तिलाही कळला. सिस्टरनं सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, वाचलं, वाचवून घेतलं, "नाव काय गो?" विचारलं. मग थेंब अगदी हळू सोडला आणि पहिला पाव तास स्टूल ओढून मालूचा हात धरून बसून राहिली. थंडी वाजते का, कंबर दुखते का, अंगाला खाज येते का, असं विचारत. मालूनं मान हलवली. हळूहळू ओठांवर रंगाची चाहूल लागली.

तेव्हा गोदूबाई उठली आणि चार नंबरशी गेली.

"उठ गो बाय, तिथनं. तुज्या खाटंवर आता मालू हाय, तं तू खाली चटईवर ये. मी झोपते या खाटंवर."

"कशाला?" रंभा म्हणाली. "मना ठाव व्हतं."

"काय ठाव व्हतं?"

"म्हातारी मेल्याचं. रातभर मीच तिला पानी पाजलं. माज्यासमोरच गेली."

गोदूबाईला कळेना. "मंग व्हय कशाला म्हनलीस?"

"तुमची सून वली बाळंतीन. तिच्या जिवाला घोर नको," रंभा म्हणाली. "मना काय, तापच हाय."

आयुष्यभर गोदूबाईच्या जिभेवर पुढचा प्रश्न तयार असायचा. आज तो आला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र आलं, आणि ते तिनं पुसलंही नाही. तान्ह्या पोरीला तिनं जगनकडे दिलं, फडकं भिजवून आणलं आणि चार नंबरच्या काठावर बसून रंभाच्या कपाळावर ठेवलं. ते सुकलं की भिजवायचं, पुन्हा ठेवायचं. मागे सिस्टर होती, मालू होती, लाल पिशवी थेंबाथेंबानं रिकामी होत होती, आणि गोदूबाई तिकडे पाठ करून बसली होती.