मायने दिलेला दोन पायली धान

ऐंशीनंतरच्या एका जानेवारीत मी गोंडपिपरीच्या स्टँडवर चंद्रपूरची बस पकडली. एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधकाची नोकरी लागली होती. माय आणि मोठा भाऊ सोडायला आले होते. बस हलताना मायने खिडकीतून धानाची पिशवी आत सरकवली. "सांभाळजो," एवढंच म्हणाली. लुचई या घरच्या जुन्या, उंच वाणाच्या धानाचं ते शेवटचं बियाणं होतं. पेरणीपर्यंत ते राखायचं काम तिने माझ्यावर टाकलं होतं. मला ते कळलं नाही.

भाऊ दोन वर्षांपासून नवा बुटका धान लावत होता. पीक जवळपास दुप्पट आलं. पूर्वी आषाढात घरातला तांदूळ संपत येई आणि आम्ही पातळ आंबिलीवर येत असू. आता वर्षभर दोन्ही वेळ भात होता. मायची तक्रार वेगळी होती. बुटक्याचं तणस, म्हणजे पेंढा, आखूड, गायीला पुरत नाही. पाण्यात ठेवलेला बासी भात सकाळी चिकट होतो, रोवणीला, म्हणजे लावणीला, येणाऱ्या बायांच्या पोटाला दुपारपर्यंत धरत नाही.

"दोन वाण एका घरात ठेवू नोको, माय," भाऊ म्हणे. "मिसळ झाली त बेपारी हात लावत नाई."

तेही खोटं नव्हतं. म्हणून तिने बियाणं घराबाहेर काढलं. भाऊ शेजारी असल्याने स्टँडवर जास्त बोलली नाही. आमच्याकडे खायला देतात तो तांदूळ, पेरायला देतात तो धान. लेकाला हे सांगावं लागेल, असं तिला वाटलं नसावं.

मी तो धान गिरणीतून काढून आणला. खोलीतल्या आम्ही तिघांनी आठवडाभर खाल्ला.

मे महिन्यात घरी गेलो.

"बीज आनलं का?" मायने विचारलं.

मी खरं ते सांगितलं.

"खाल्लं? काऊन रे, पेपरवाले बीज खातेत?" मग म्हणाली, "कसा लागला?"

"गोड."

"लागनच."

 तिसऱ्या दिवशी तिने आलापल्लीची बस धरली. तिकडच्या जंगलगावातली एक गोंड बाई दरवर्षी आमच्याकडे रोवणीला येई. तिच्या घरी हाच वाण होता. मायला स्टँडवर सायकलने भाऊच घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "एका बांदीत लाव. गायीपुरता."

"गायीपुरता नाई. सकाळी बासी तुले बी लागते, मले दिसत नाई का?"

त्या बाईने बियाणं दिलं. त्या वर्षी एका बांदीत, बांधाने वेढलेल्या छोट्या तुकड्यात, लुचई उभा राहिला, बाकी शेतात बुटका. माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं.

माझ्यासोबत गाव सोडलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. आम्ही शहरात तांदूळ निवडतो, पाखडतो, भाव करतो. पेरायचं काय, हे आम्हाला कोणी विचारत नाही. दिवाळीनंतर माय अजूनही पिशवी भरून देते. आत उघडून पाहावं लागत नाही. तांदूळच असतो. बियाणं ती घरी ठेवते.