लेकीच्या घरचं ताट

बाबा गेल्याचं सांगायला धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा मी डब्लिनच्या ऑफिसात होते. मला रडू आलं नाही, राग आला. तीन महिने उलटले, तो अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची पद्धत आहे, ती मला जमणार नाही.

तिवस्याजवळ संत्र्याची बाग, अमरावतीच्या राजापेठेत घर आणि एकदा 'नाही' म्हटलं की नाहीच, असे आमचे बाबा. लेकीला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या घरी जेवायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. बहुतेकांनी ती केव्हाच सोडली. मागच्या हिवाळ्यात बाबा एकटेच डब्लिनला आले, तेव्हा त्यांनी ती विमानात बसवून माझ्याकडे आणली. दोनदा माझं मूल पोटातच गेलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी पहिल्या संध्याकाळी वाढलेलं ताट बाजूला सारून म्हणाले, "तुले लेकरू होऊ दे, मंग जेवतो."

मग काय, रोज रात्री ऑफिसातून आले की यांना जेवायला घालायला सगळं शहर पालथं घालायचं. वर थंडी, भुरभुर पाऊस, आणि शाकाहारी म्हणून मिळायच्या त्या बटाट्याच्या तळलेल्या फोडी. बाबा कानटोपी घालून पुढे, मी मागे. पुलावर थांबून नदीलाही नावं ठेवली, "हे नदी व्हय? आपला कालवा बरा." रस्ता चुकला की बोलणी मलाच, "इतक्या वर्सापासून राहून राहिली, अन् रस्ता माईत नाई?" एकदा दोघं भिजून एका बंद दुकानाच्या आडोशाला उभे होतो. त्यांनी पुड्यातल्या गरम फोडी निवडून माझ्या हातावर ठेवल्या. "खाय. तू बी उपाशीच हायेस." त्या घटकेला ते मला फार आवडले, आणि हे लिहितानाही माझा तिळपापड होतो. मी विचारलं, "बाबा, मूल झालंच नाही तर?" त्यांनी समोरून जाणाऱ्या ट्रामकडे बघत कानटोपी खाली ओढली. "त मंग नाई जेवत."

तेराव्या दिवशी, तेरवीला, अमरावतीत पंगत बसली, मी बसले नाही. आईनं विचारलं, "काहून जेवून नाई राहिली वं?"

"ते माझ्या घरी जेवले नाहीत. मी त्यांच्या तेरवीचं जेवणार नाही."

आत्या डोळे वटारून बघायला लागली. आईनं स्वतःचं ताट उचलून आत नेऊन ठेवलं. "माहं तिकीट काढ," ती म्हणाली. "मी येतो तुह्यासंग. मी जेवीन तुह्या घरी."

आता ती इथे आहे. पहिल्याच रात्री मी वरणाला फोडणी घातली, तशी ती म्हणाली, "तुह्या बाबाचा इथून रोज फोन ये. पोरीच्या सैपाकाचा वास येते, झोप लागत नाई, असं म्हनत."

"मग जेवायचं होतं ना," मी ओरडलेच. डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. आईनं ताट पुढे सरकवलं आणि आणखी भात मागितला.