गार होऊन परत आलेलं पाणी

मेलानिया स्तेपानिव्नाच्या तळहाताशी पोटं बोलतात, असं सॅनेटोरियममध्ये सगळे म्हणत. कार्पेथियन डोंगराखालच्या त्या आरोग्यधामात तिने चौतीस वर्षं एकच काम केलं. बद्धकोष्ठाच्या रोग्यांना कोमट खनिज पाण्याचा एनिमा द्यायचा. डावा हात पोटावर ठेवून पाणी कुठवर पोचलं, कुठे अडलं, ते ती बिनचूक सांगे. लाजणाऱ्याला म्हणे, "अहो, मोठमोठे साहेब इथे येऊन माझ्याकडे पाठ करतात, तुमचं काय घेऊन बसलात!" लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं, की उत्तर ठरलेलं: "आधी आतलं बघितलं. मग बाहेरच्या रूपाला कोण भुलतंय?"

त्या ऑक्टोबरात झेनोन ह्लादून दाखल झाला. वय अडुसष्ट, धंदा विहिरी आणि बोअर खोदण्याचा. अकरा दिवस पोट साफ नव्हतं. सोमवारपर्यंत झालं नाही तर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याचा थोरला भाऊ ऑपरेशनच्या टेबलावरून परत आला नव्हता.

"सिस्टर, सुरी नको. पाण्यानेच काय ते करा."

"पाणी माझं ऐकतं, मामा. तुमचं पोट ऐकतं का, बघू."

गुरुवारी तिने दोन लिटर पाणी दिलं, मोजून अडतीस अंशांचं. थोड्या वेळाने ते सगळं परत आलं, जसंच्या तसं निर्मळ. भांडं उचलताना तिचं बोट पाण्याला लागलं आणि तिने हात झटकला. थर्मामीटर आठ अंश दाखवत होता. तिने दुसरा आणला. आठच. पाण्याला ओल्या दगडाचा आणि शेवाळाचा वास होता.

"खोली गार आहे. बॉयलर बघायला सांगा," डॉक्टर म्हणाले.

शुक्रवारी बॉयलर धगधगत होता, तरी पाणी आठ अंशांवरच परतलं. आणि तळहाताखाली जे लागत होतं ती मळाची गाठ नव्हती. काहीतरी सपाट आणि कडक होतं, झाकणासारखं.

शनिवारी तिने नळी बाजूला ठेवली. "मामा, खरं सांगा. कधी विहीर बुजवलीत?"

त्या मुलखात विहीर बुजवण्याइतकं मोठं पाप नाही. झेनोनने तोंड भिंतीकडे वळवलं.

"विहीर नाही. झरा. इथल्याच बागेमागच्या झाडीतला. सॅनेटोरियमच्या तेव्हाच्या डायरेक्टरना त्यांच्या नव्या बोअरचंच पाणी खपवायचं होतं. मी वर काँक्रीट ओतलं."

"परवानगी घेतली होतीत?"

"सहीशिक्क्याची होती की!"

"डायरेक्टरची नव्हे हो. झऱ्याची!"

रविवारी चर्च सुटल्यावर दोघं पहार घेऊन झाडीत गेले. झेनोनने टोपी काढली, गुडघे टेकले. "चुकलो गं माय. पोटासाठी केलं," तो पुटपुटला आणि स्वतःच दचकला. मग त्याने पहार उचलली. दहाबारा घावांत काँक्रीटचं झाकण दुभंगलं. खाली कोरडा अंधार होता.

"आटलाय," तो म्हणाला. "सिस्टर, आता सुरीच."

मेलानिया भोकावर वाकली. खूप खालून आवाज येत होता. घटघट, घटघट. वर्षानुवर्षं तहानलेलं कोणी पाणी प्यावं तसा. त्याच क्षणी झेनोनच्या पोटात जोराने गुरगुरलं. त्याने पहार टाकली आणि पट्टा सोडत झुडपांमागे धाव घेतली.

तिने पाठ फिरवली. वाऱ्याची झुळूक नव्हती, पानही हलत नव्हतं. मग ऐकू आलं ते लांबलचक, समाधानाचं "हुश्श."

"झालं का मोकळं, मामा?" तिने हसून हाक दिली.

तो पट्टा आवळत बाहेर आला. चेहऱ्यावरचा ताण गेला होता, पण रंगही गेला होता.

"झालं. पण हुश्श कोण म्हणालं?"

"तुम्हीच की."

"मी तर दात आवळून बसलो होतो, सिस्टर."

पहार तिथेच पडून राहिली. उतारावरून येताना दोघांनी मागे पाहिलं नाही. झेनोन पुढे आणि मेलानिया त्याच्या मागे, दोघंही शक्य तितकी हलकी पावलं टाकत, नुकत्याच झोपलेल्या कोणाला जाग येऊ नये तशी.