विटांचा लोणा

मंगळवार पेठेत वडिलांकडे जाताना तो माणूस मला रोज सकाळी दिसायचा. त्याच्या जुन्या घराच्या बाहेरच्या विटांना ओलीनं लोणा लागला होता. खाली चादर पसरून तो कोरड्या ब्रशनं ती मिठासारखी पांढरी भुकटी झाडत असायचा. मधेच कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी विटा परत पांढऱ्या.

मीही तेच करत होतो. साखरेमुळं वडिलांच्या पायाची जखम भरत नव्हती. रोज पट्टी सोडायची, जखम धुवायची, परत बांधायची. एका सकाळी त्या सगळ्याचा इतका वीट आला होता, की जाता जाता मी त्या विटा झाडणाऱ्या माणसावरच करवादलो.

“काका, रोज झाडताय, रोज येतंय. जाणार आहे का हे कधी?”

त्यानं ब्रश चादरीवर झटकला.

“जायचं न्हाय पावणं.” मग खिडकीखालच्या एका विटेवर बोट ठेवलं. “पण दिवाळीत हितवर हुतं, आजबी हितंच हाय. वर चढू दिलं न्हाय.”

आणि परत झाडायला लागला.

घरी पट्टी सोडली तेव्हा वडिलांनी नेहमीसारखं भिंतीकडं तोंड फिरवून विचारलं, “भरली का रं?”

रोज मी ‘भरत आली’ म्हणायचो. आज त्यांच्या घोट्याखाली बोट टेकवलं.

“न्हाय आबा. पण हितनं वर चढली न्हाय.”

बऱ्याच दिवसांनी त्यांनी मान वळवून स्वतःच्या पायाकडं बघितलं.