खाली कोठडी

बीडला आमचं बिऱ्हाड म्हणजे माडीवरची एकच खोली. यजमान कचेरीत उर्दू कागदांच्या नकला करायचे, आणि पगार असा की महिनाअखेर डब्यांचे तळ वाजायचे. त्या खोलीत मला माझ्या आईला आणायचं होतं. तलवाड्याला ती एकटी होती, डोळ्यांनी अधू झाली होती, आणि मला भाऊ नव्हता. मी सांगावा धाडला की तिचं उत्तर ठरलेलं, "जावयाम्होरं पाय पसरून बसाया म्या काय लाज सोडलीय? आडोसा आसंल तर येते."

आडोसा! आमच्या खोलीत मांजर आडवं झालं तर माणसाला उभं राहावं लागे. पण मीही हट्टाला पेटले. अर्धी खोली खाणारी बाज शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकली. यजमानांनी तोंड वाकडं केलं, तर जमिनीवर झोपल्यानं पाठ सरळ राहते असं मी ठोकून दिलं. धान्याची मडकी एकावर एक रचून उतरंड केली. भिंतीत बाभळीच्या खुंट्या ठोकून फळी टाकली, भांडी तिच्यावर गेली. पांढऱ्या मातीनं भिंती पोतारल्या, त्याला दमडीही लागली नाही. शेवटी जुनं लुगडं दोरीवर टाकून पडदा केला. खोली अशी उजळली की मीच दारात उभी राहून बघत बसले. पण आई पडद्याआड निजली तर तिचे पाय बाहेर येणार, हेही दिसत होतं.

आमची घरमालकीण म्हातारी मुसलमान विधवा. सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी म्हणे. ती जिना चढून वर आली, भिंतींवरून हात फिरवून खूश झाली, आणि पडदा कशाला ते ऐकून म्हणाली, "अम्मा कू इत्ती तकलीफ कायकू? कोठडी खाली है ना, वां रखो."

मी तडक खाली जाऊन पाहिलं. जिन्याखालच्या कोठडीत तिच्या दोन शेळ्या रवंथ करत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई शेळ्यांत? मी खालाशी बोलणं टाकलं. तिनं धाडलेल्या शेवग्याच्या शेंगासुद्धा परत पाठवल्या.

यजमानांच्या कानावर घातलं, तर ते हसता हसता खोकायलाच लागले. "अगं येडे, उर्दूत खाली म्हंजे रिकामी! आपल्या बाजूला कुलूप लावलेली कोठडी हाय न्हाई का, ती देती म्हनली तुला."

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून शेंगा मागायला गेले. खालानं शेंगा दिल्या आणि वर कोठडीची किल्ली ठेवली. भाड्याचं विचारलं, तर म्हणाली, "बुढ्ढी का भाडा क्या लेना? मैं बी बुढ्ढीच हूं."

आई आली. भिंतीपलीकडे स्वतःच्या दाराआड ती पाय पसरून बसायची, आणि तिला तशी बसलेली पाहून माझा जीव निवायचा. दुपारी खाला वर यायची. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या, निम्मं कळायचं, हसणं मात्र पुरं व्हायचं. शेळ्यांची गोष्ट आईला फार आवडायची. कुणी "कुठं राहता?" म्हणून विचारलं की ती म्हणे, "शेळ्यात!" त्या वर्षांसाठी मी खालाची जन्मभर ऋणी आहे.

आई त्याच कोठडीत गेली. दिवसकार्य उरकल्यावर मी ती सारवून काढली आणि किल्ली घेऊन खालाकडे गेले. एव्हाना तिची भाषा मला येत होती. "खाला, कोठडी खाली है," एवढं म्हणून मी किल्ली तिच्यापुढं धरली.

तिनं किल्ली घेतली नाही. माझ्याच मुठीत ती मिटून म्हणाली, "रहने दे बेटी. तेरा मैका है ना वो."

मैका म्हणजे माहेर. या वेळी मला ते कुणाला विचारावं लागलं नाही.