किशनराव पुढे, तानुबाई मागे

बोरीचे किशनराव रस्त्याने निघाले की थोडं अंतर ठेवून मागे तानुबाई निघायच्या. बाजाराला, लग्नाला, परभणीच्या दवाखान्याला, कुठंही. किशनरावांनी कधी मागे वळून पाहिलं नाही. बांगड्यांचा आवाज मागे असायचाच. त्यांच्या पिढीत सगळेच असे चालत आले.

अलीकडे तानुबाईंचं विसरणं वाढलं होतं. आधी भाजीत मीठ दुसऱ्यांदा पडू लागलं. मग एका सकाळी त्यांनी शेजारच्या छबूबाईलाच विचारलं, "तुमी कुठल्या, बाई?" लेक राजेश्री कृषी विद्यापीठात शिकून स्पेनमध्ये, बार्सिलोना शहरात नोकरीला होती. ती फोनवर म्हणाली, "आई आपल्याला ओळखते तोवर दोघं एकदा येऊन जा." म्हणून म्हातारा-म्हातारी विमानात बसली. विमानतळावर तानुबाईंनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, तेव्हा किशनरावांना वाटलं, आलो ते बरं झालं.

रविवारी राजेश्रीने त्यांना तिथल्या नामांकित रस्त्यावर नेलं. ला रांब्ला त्याचं नाव. मधोमध नुसतं चालायचं, गाड्या दोन्ही कडेने. वर झाडांची सावली, फुलांची दुकानं, गाणी, देशोदेशीची माणसं. एक जण अंगाला चंदेरी रंग फासून पुतळ्यासारखा उभा होता.

"नाकावर माशी बसली तर काय करत आसंल ह्यो?" किशनरावांनी विचारलं.

"बाबा, माशीचं सोडा. आईचा हात धरा. लय गर्दी हाय."

"आगं, ह्या वयात हात धरायचा का?"

"हितं कोण बघायलंय तुमाला? बोरीचा कुणी हाय का?"

"म्हणून काय लाज सोडायची?"

तानुबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

राजेश्री पाणी आणायला दुकानात शिरली. "हितंच थांबा," असं ती म्हणाली होती, पण किशनराव पाठीमागे हात बांधून सवयीने चालू लागले. त्या गलक्यात बांगड्या ऐकू येत नाहीत, हे ध्यानात आलं तोवर ते बरेच पुढे गेले होते. त्यांनी वळून पाहिलं. मागे तानुबाई नव्हत्या.

ते माघारी धावत सुटले. जन्मभर बायकोला नावाने हाक मारली नव्हती, आता ते "तानू! तानू!" ओरडत होते. लोक बाजूला होत, बघत, आणि आपल्या वाटेने जात.

तानुबाई एका फुलांच्या दुकानाशी खांबाला धरून उभ्या होत्या. किशनरावांनी जाऊन त्यांचा हात घट्ट धरला. तानुबाईंनी तो हिसकून घेतला आणि पदर पुढे ओढला.

"हात सोडा, भाऊ. आमचे मालक पुढं गेलेत."

"आगं, मीच की."

"त्यांना मागं बघायची सवय न्हाई. पर येतील."

एवढ्यात राजेश्री धापा टाकत आली. तानुबाईंनी तिचा दंड पकडला. "राजे, ह्या माणसाला जायला सांग गं."

किशनराव तोंड समोर धरून उभे राहिले. ह्या तोंडाकडे तानुबाईंनी चार माणसांत मान वर करून कधी पाहिलंच नव्हतं. राजेश्रीला रडू फुटलं. मग किशनराव वळले, हात पाठीमागे बांधले आणि चालू लागले.

"ते बघ, चालले!" तानुबाई म्हणाल्या. "चल लवकर."

दोघी मागून येऊ लागल्या. किशनरावांना त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"लय भरभर चालतात. कधी म्हणलं न्हाई मी, पर पाय भरून येतात गं माजे."

किशनरावांनी पाऊल हळू केलं. अगदी हळू. मागून येणारे लोक त्यांना ओलांडून जाऊ लागले. पण त्या दोघी काही जवळ आल्या नाहीत.

"आई, चल की. गाठू त्यांना."

"नको. असंच बरं हाय. दिसायलेत की."

किशनराव वळले नाहीत. डोळे पुसायलाही त्यांनी हात पुढे आणले नाहीत.